मोडीचा भाव

नव्या वस्तूची किंमत दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक ती उतरवूं पाहतें. जुन्या वस्तूची किंमत गिऱ्हाईक सांगतें आणि मालक ती चढवूं पाहतो. बाजाराच्या या उलट्या रीतींतच जुन्या मालाच्या व्यापाराचा सारा नैतिक प्रश्न सांठलेला आहे. नव्या मालाच्या सौद्यांत जाणता पक्ष विकणाऱ्याचा असतो. कापड किती धुण्यांत विरेल, भांड्यांत कोणत्या धातूचा किती अंश आहे, हें त्यास ठाऊक असतें. म्हणून कायदा व लोकनीति दोन्ही घेणाऱ्याच्या संरक्षणास धांवतात. जुन्या मालाच्या सौद्यांत मात्र जाणता असतो तो घेणारा. त्यास मोडीचा भाव ठाऊक असतो, पुढचें गिऱ्हाईक ठाऊक असतें, आणि पुष्कळदां विकणाऱ्याची नडही ठाऊक असते. अशा वेळीं संरक्षण कोणास हवें? या प्रश्नाचें उत्तर कायद्याला फार उशिरां सुचलें, आणि त्या विलंबाची किंमत खानदेशासारख्या प्रांतांतील शेतकऱ्यानें घरांतल्या स्त्रियांच्या अंगावरील चांदीनें चुकविली.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी वस्तु घेऊन ती नफ्यानें विकणें यांत स्वभावतः कांहीं पाप नाहीं. धुळें जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, कान नदीच्या कांठीं, साक्री हें तालुक्याचें गांव आहे. सुरतेहून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे येणारा रस्ता याच तालुक्यांतून जातो, आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत भिल्ल व कोकणा या आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. अशा गांवच्या बाजारांत जुन्या मालाचें दुकान हें गरिबाच्या संसाराला आधारच असतें. गळकी घागर घेऊन तिला झाळ लावणारा, काळवंडलेल्या पातेल्यांना कल्हई करून तीं पुन्हां मांडणारा, खिळखिळ्या बैलगाडीचें चाक बदलून ती विकणारा मनुष्य मोडींत जाणारी वस्तु पुन्हां वापरांत आणतो. त्याच्या नफ्यांत त्याची मेहनत, अडकलेलें भांडवल आणि माल पडून राहण्याचा धोका, इतक्यांचा मोबदला असतो. त्या नफ्याला नांव ठेवण्यास जागा नाहीं. प्रश्न उत्पन्न होतो तो वस्तूंत कांहींही भर न घालतां, केवळ समोरच्याच्या अज्ञानावर किंवा नडीवर जो नफा मिळतो त्याच्याविषयीं.

प्राचीन शास्त्रकारांना हा व्यापार अपरिचित नव्हता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थाध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना, पहिलाच विषय जुन्या मालाचा घेतला आहे. ज्या जुन्या जिनसांवरील मालकी सिद्ध झाली असेल त्यांचीच विक्री किंवा गहाण बाजारांत होऊं द्यावें, असा तेथें दंडक आहे. त्याच प्रकरणांत देशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० अशी नफ्याची मर्यादा घातली असून, तिच्यापलीकडे जाणाऱ्यास दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य स्मृतींतही, माल घेऊन लगेच विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठीं नफ्याचें हेंच प्रमाण येतें. हे आकडे आजच्या बाजाराला जसेच्या तसे लावतां येणार नाहींत, हें उघड आहे. परंतु नफ्याला मर्यादा असते, आणि ती केवळ गिऱ्हाइकाच्या सहनशक्तीनें ठरत नाहीं, हा त्यांमागील विचार मात्र जुना झालेला नाहीं.

मालक नसतां वस्तु विकणें यास धर्मशास्त्रांत अस्वामिविक्रय म्हणतात. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत त्याची गणना आहे. चोरीचा माल ओळखावा कसा, याची याज्ञवल्क्यानें दिलेली कसोटी मोठी मार्मिक आहे. जो मनुष्य एकांतांत खरेदी करतो, ज्याच्यापाशीं ती वस्तु असण्याचा संभव नाहीं अशा माणसापासून घेतो, फार कमी किंमतींत घेतो, किंवा अवेळीं घेतो, त्यास चोरच समजावें असें तो म्हणतो. म्हणजे अतिशय स्वस्त मिळणें हाच संशयाचा एक पुरावा मानला आहे. इ. स. १८६० च्या दंडसंहितेचें ४११ वें कलम याच तत्त्वावर उभें होतें. चोरीचा माल आहे हें माहीत असून, किंवा तसें मानण्यास कारण असून, तो अप्रामाणिकपणें घेणारा त्या कलमाखालीं दोषी ठरे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमानें घेतली आहे. तत्त्व तेंच राहिलें आहे.

परंतु चोरीच्या मालाची गोष्ट तुलनेनें सोपी. खरी अडचण येते ती वस्तु विकणाऱ्याची स्वतःची असून तो नडलेला असतो तेव्हां. गरजवंताला अक्कल नसते, अशी मराठींत म्हणच आहे. याज्ञवल्क्यानें याही गोष्टीचा विचार केलेला दिसतो. मद्यानें झिंगलेला, वेडा, पीडित, संकटांत सांपडलेला, अज्ञान बालक व भयभीत, अशांनीं केलेला व्यवहार सिद्ध होत नाहीं असें तो सांगतो. टीकाकारांनीं पीडित व संकटग्रस्त या शब्दांचा अर्थ मर्यादित केला असला, तरी विकणाऱ्याच्या मनाची स्थिति पाहिल्यावांचून सौदा सौदा ठरत नाहीं, ही दृष्टि त्यांत स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या संतपरंपरेनें ती आचरणांत आणून दाखविली. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळानंतर देहूच्या तुकोबांनीं वडिलार्जित सावकारीच्या खतांतील अर्धीं भाऊ कान्होबास दिलीं आणि स्वतःच्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. ज्या वर्षीं वाण्याला कुळांचीं घरेंदारें लिहून घेतां आलीं असतीं, त्याच वेळीं या वाण्यानें आपला हक्क पाण्यांत सोडला. हें सर्वांना साधणारें नव्हे. परंतु कोणत्या काळांतील नफा घेऊं नये, याची खूण मात्र त्यांत सांपडते.

आतां खानदेशाकडे वळूं गेल्यास हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली दिसते. इ. स. १८०२ मधील होळकरी फौजांची लूट आणि पाठोपाठ आलेला दुष्काळ यांनीं हा सुपीक प्रांत उजाड झाला. १८१८ मध्यें इंग्रजी अंमल आला, हळूहळू शेती सांवरली, आणि १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस विलायतेस पोंचेनासा झाला, तेव्हां खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. बँका नव्हत्या, आणि असत्या तरी खेड्यांतील शेतकऱ्याचा त्यांच्याशीं संबंध आला नसता. त्यानें आपली शिल्लक चांदींत घातली. बायकोचे तोडे, गोठ, कडीं, कमरपट्टा हीच त्याची तिजोरी. गांवचा सोनार रोख रुपयेच आटवून त्यांचे दागिने घडवी. कारण रुपया वजनानें एक तोळा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग शुद्ध चांदी. शेतकऱ्याच्या समजुतीनें तोळाभर दागिना म्हणजे एक रुपया, आणि घडणावळ गेली तेवढी गेली.

ही समजूत खुळी नव्हती. सरकारी टांकसाळ कोणाचीही चांदी घेऊन, थोडासा आकार कापून, तिचे रुपये पाडून देत असे. साक्री-पिंपळनेरचा शेतकरी मुंबईला टांकसाळींत जात नसे हें खरें. परंतु ती दारें उघडीं असल्यामुळें गांवच्या पेढीवरही चांदीचा भाव रुपयाच्या जवळपास टिकून राही. १८७७ सालच्या दुष्काळांत मुंबईच्या टांकसाळींत आटविण्यासाठीं दागिन्यांचा ओघ लागला होता. लोक अंगावरचें मोडून खात होते, परंतु निदान मोडलेल्याचे पैसे होत होते.

पुढें जगांत चांदी स्वस्त होत गेली. १८७३ नंतर युरोपांतील राष्ट्रांनीं एकामागून एक सोन्याचें चलन स्वीकारलें, चांदीचा साठा बाजारांत आला, आणि रुपयाची हुंडणावळ घसरूं लागली. ती सांवरण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें २६ जून १८९३ रोजीं लोकांच्या चांदीला टांकसाळीचीं दारें बंद केलीं. या निर्णयाची बाजू घेणारे पुष्कळ होते, आणि सरकारी तिजोरीच्या दृष्टीनें त्यास कारणेंही होतीं. परंतु त्याचा एक परिणाम खेड्यांतील झोपडींत जाऊन पोंचला. रुपया सोळा आण्यांचाच राहिला. मात्र रुपयाइतक्या वजनाची व कसाची चांदी बाजारांत सोळा आण्यांची राहिली नाहीं. १८९९ च्या सुमारास तिची किंमत अवघी दहा आण्यांच्या आसपास आली होती.

आणि नेमका त्याच वेळीं इ. स. १८९९-१९०० चा, विक्रम संवत् १९५६ चा म्हणून ‘छप्पन्नाचा’ म्हटला जाणारा, दुष्काळ पडला. खानदेशास त्याचा तडाखा फार मोठा बसला. चारा नाहीं म्हणून गुरें मेलीं किंवा मातीमोलानें विकलीं गेलीं. मग भांडीं निघालीं, आणि शेवटीं अंगावरची चांदी. समजा, एखाद्या शेतकऱ्यानें चांगल्या सालीं चाळीस रुपये आटवून बायकोला चाळीस तोळ्यांचे तोडे केले होते. दुष्काळांत ते मोडतांना, दहा आणे तोळ्यानें, त्यास पंचवीस रुपये मिळावयाचे. आणि तेही तराजू खरा असेल, घट वाजवी धरली जाईल व सावकाराचें जुनें देणें त्यांतून कापलें जाणार नाहीं, तर. तोडे तेच, वजन तेंच, कस तोच. पंधरा रुपये गेले कोठें, हें त्यास कोणी समजावून दिलें नाहीं.

येथें न्याय करतांना सावध राहिलें पाहिजे. ज्या सराफानें दहा आण्यांचा भाव प्रामाणिकपणें दिला, त्यानें शेतकऱ्यास लुटलें असें म्हणतां येत नाहीं. त्याच्याही हातीं त्याहून अधिक येणार नव्हतें. चांदीचा भाव त्यानें पाडला नव्हता. परंतु ज्याला बाजारांतील दहा आणे ठाऊक होते, आणि समोरच्याला ते ठाऊक नाहींत व त्याच्या घरीं चूल पेटलेली नाहीं हेंही ठाऊक होतें, त्यानें जर सहाच आणे हातावर ठेवले असतील, तर मधले चार आणे कशाचे? त्यानें वस्तु दुरुस्त केली नाहीं, दूरदेशीं वाहून नेली नाहीं. ते चार आणे त्यानें भुकेकडून घेतले. दोघांचें दुकान एकाच आळींत, दोघांचा तराजू सारखा, दोघेही जुना माल घेऊन नफ्यानें विकणारे. व्यापार एकच असून एकाची उपजीविका होते आणि दुसऱ्याची लूट, तें या चार आण्यांमुळें.

हा वाद केवळ येथलाच नव्हे. रोमन पंडित सिसेरो यानें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत असाच एक दाखला घेतला आहे. रोड्स बेटावर धान्याचा दुष्काळ पडला असतां अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत, हें त्यास ठाऊक आहे. बेटावरील लोकांस नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायद्यानें जेवढें सांगावयास लावलें आहे तेवढें सांगितलें म्हणजे पुरे. अँटिपेटर म्हणतो, सारें सांगितलें पाहिजे, कारण माणसें एका समाजाचीं आहेत. सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूस झुकतो. इ. स. १८७२ चा करार कायदा मात्र सामान्यतः डायोजेनीसच्या बाजूस उभा आहे: बोलण्याचें कर्तव्य नसेल तेथें नुसतें गप्प राहणें ही लबाडी नव्हे, असें त्याच्या १७ व्या कलमाचें स्पष्टीकरण सांगतें. न्यायालय तोंडच्या शब्दाचा जाब विचारतें. मौनाचा जाब माणसानें स्वतःलाच विचारावा लागतो.

तथापि कायदाही तेथेंच थांबला नाहीं. १८७५ मध्यें पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. कागदावरील आंकड्यामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यांत नव्हता. १९०१ च्या दुष्काळ आयोगानें मुंबई इलाख्यांतील निदान एक चतुर्थांश शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या असाव्यात असा अंदाज केला, तेव्हां या उशिराचें मोजमाप सर्वांसमोर आलें. मध्यंतरीं १८९९ मध्यें करार कायद्यांत दुरुस्ती होऊन, एक पक्ष दुसऱ्याच्या मुठींत असतां झालेला जुलमी सौदा तपासण्याची वाट अधिक मोकळी झाली.

पुढें १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेंत याच विचाराचीं फळें दिसतात. तिच्या ६० व्या कलमानें कांहीं जुन्या वस्तु लिलावाच्या बाहेरच ठेविल्या आहेत. नेसण्याचीं आवश्यक वस्त्रें, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें, आणि धर्मरीतीप्रमाणें स्त्रीला अंगावेगळा करतां येत नाहीं असा दागिना, यांवर जप्ती येत नाहीं. ज्याच्या हुकूमनाम्यावरून लिलाव होतो त्यास न्यायालयाच्या परवानगीवांचून त्या लिलावांत बोली करतां येत नाहीं. स्थावर मालमत्तेचा लिलाव झाल्यावरही, मालकानें देणें भरून घेणाऱ्यास खरेदीच्या रकमेवर शेंकडा ५ दिले, तर विक्री रद्द करून घेतां येते. प्राचीन बाजारांतील तें शेंकडा पांचाचें प्रमाण येथें पुन्हां भेटावें, हा योगायोग खरा. परंतु मोठा बोलका आहे. त्याचप्रमाणें, गहाणाची वस्तु विकून देण्यापेक्षां अधिक रक्कम आली तर वरकड मूळ मालकास परत दिली पाहिजे, असें करार कायद्याचें १७६ वें कलम सांगतें. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानें, अवैध सावकारींत बळकावलेली स्थावर मालमत्ता मूळ मालकास परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिला आहे. या सर्व तरतुदींचा रोख एकच: नडलेला विकणारा हाही संरक्षणास पात्र आहे.

नडीप्रमाणेंच अज्ञानाचाही भाव होतो, आणि त्याचें उदाहरण धुळ्यांतच आहे. पेशवाई बुडाल्यावर जुन्या वाड्यांतील दफ्तरांना वाली उरला नाहीं. मोडी लिपी वाचणारे कमी झाले, तसे ते रुमाल वाळवीच्या किंवा पुड्या बांधणाऱ्याच्या स्वाधीन होऊं लागले. शेराच्या भावानें जाणाऱ्या या कागदांची खरी किंमत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं ओळखली. १८९८ मध्यें त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. एकंदर बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच त्यांचें निधन झालें, आणि १९२७ मध्यें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. त्याच शहरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत ठेविलीं. मालकाला न कळलेली किंमत यांनाही कळलेली होती. परंतु त्या ज्ञानाचा नफा त्यांनीं समाजाच्या खातीं जमा केला. ज्यांना तो स्वतःच्या खातीं जमा करावयाचा असेल त्यांच्यासाठीं १९७२ चा पुरावस्तु कायदा आहे: शंभर वर्षांपलीकडील मूर्ति किंवा नाणें, व पंचाहत्तर वर्षांपलीकडील महत्त्वाचें हस्तलिखित, यांचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खासगी व्यक्तीस तें परदेशीं पाठवितां येत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हा सारा इतिहास दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो त्यांच्या उंबऱ्यावर रोज घडतो. बोहारीण दारीं येते, जुनीं लुगडीं घेते आणि भांडें देते. खऱ्या जरीच्या लुगड्याचा कांठ जाळल्यावर त्यांतून चांदी निघते, हें तिला ठाऊक असतें, घरच्या बाईला पुष्कळदां नसतें. उलट, दिवसभर ओझें वाहून तिला चार पैसे सुटतात, आणि पांच कपड्यांवर सहावा न देण्यासाठीं तिच्याशीं अर्धा तास हुज्जत घालणारें घर मात्र कसलीही झीज सोशीत नसतें. रद्दीवाल्याचा कांटा सर्वांना खुपतो. परंतु वर्गणीचीं पुस्तकें फुकट मिळवून तीं दुप्पट भावानें विकणारा सुशिक्षित ग्रंथप्रेमी कोणास खुपत नाहीं. जाणता पक्ष कोण आणि नडलेला कोण, हें जात, पेशा किंवा पोशाख पाहून ठरत नसतें. तें प्रत्येक सौद्यांत नव्यानें पहावें लागतें.

एखाद्या घरांतील कर्ता पुरुष जातो, आणि महिन्याभरांत त्याचीं पुस्तकें, घड्याळ, दुचाकी विकावयास निघतात. शेजारी, स्नेही, सहकारी हेच पहिले गिऱ्हाईक असतात. अशा वेळीं स्वस्त मिळालें याचा आनंद मानण्यापूर्वीं, ‘ही वस्तु बाजारांत एवढ्याला जाते’ हें एक वाक्य विकणाऱ्यास सांगण्याचा धर्म त्यांच्यावर येतो. तें सांगितल्यावर भाव ठरला, तर पुढें त्यांत दुप्पट नफा झाला तरी तो निर्दोष आहे. कारण तो मेहनतीचा, धीराचा किंवा नशिबाचा आहे. न सांगतां ठरला, तर रुपयांतले दोन आणेही कोणाच्या तरी दुःखांतून आलेले असतात. साक्री भागांतल्या शेतकऱ्याला छप्पन्नाच्या सालीं चांदी वांचवितां आली नसती. तिचा खरा भाव सांगणारा मनुष्य मात्र मिळूं शकला असता. तेवढें सांगण्याचें काम कोणत्याही कायद्यानें अद्याप कोणावर सोंपविलेलें नाहीं, आणि म्हणूनच तें प्रत्येकावर येऊन पडतें.